वरचा दोरा, खालचा दोरा

“उलटं कर गो,” हे काकींचं पहिलं वाक्य. नवा ब्लाउज घालून कोणी समोर आली की रंग कसा खुलतो, बाही कशी बसली, हे काकी बघतच नसत. दंडाला धरून बाहीची कड उलटी करायची, डोळे बारीक करून आतली टीप न्याहाळायची आणि मग मान हलवायची. मान उभी हलली तर शिवणारीचं गावात नाव. आडवी हलली तर तिने दुसऱ्या दिवशी काकींच्या दारावरून जायचं टाळायचं.

एकदा शहापूरच्या एसटी स्टँडवर त्यांनी अशीच एका अनोळखी बाईंच्या पंजाबी ड्रेसची कड पकडली. त्या बाई पर्स छातीशी धरून मागे सरल्या. काकी शांतपणे म्हणाल्या, “घाबरू नको, उसवनार हाय ती.” तेवढ्यात किन्हवलीची गाडी लागली म्हणून मी वाचले. खिडकीत बसल्यावरही त्यांना काळजी एकच, त्या बाई घरापर्यंत धड पोचतील ना.

काकी आमच्या समोरच्या घरात राहायच्या. तुमच्याकडे शिवणाची मशीन असेल तर तुम्ही हे पाहिलंच असेल: चांगली चालणारी मशीन एक दिवस बिघडते, वरून टीप सरळ दिसते आणि कापड उलटावं तर खाली दोऱ्याच्या शेवया. आमच्याकडे अशा वेळी काकींना हाक जायची. किन्हवलीतूनच नाही, त्यांच्या माहेरच्या बाजूने, पार म्हशाकडूनही बाया यायच्या. काकी यायच्या, पण मशीनला हात लावायच्या नाहीत. दोन्ही हात पदराखाली घेऊन उंबऱ्याशी बसायच्या आणि तिथून बोलायच्या. सुरुवातीला मला तो त्यांचा तोरा वाटला होता.

माझ्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. माहेराहून मी मशीन आणली होती आणि सासूबाईंना ती पडवीतली अडगळ वाटायची. गावातल्या एका घरी मुलाची हळद होती. नवरदेवाच्या बहिणी, आत्या, चुलत्या, मावश्या, सगळ्यांनी एकाच पिवळ्या रंगाचे ब्लाउज घालायचं ठरवलं आणि ते काम माझ्याकडे आलं. सासूबाईंनी तेव्हाच सांगून टाकलं, हे नीट पार पडलं तर मशीन पडवीत राहील, नाहीतर पोत्यात बांधून माळ्यावर जाईल. त्या मनाने वाईट नव्हत्या, पण बोललेलं करणाऱ्या होत्या. आणि मला त्या मशीनशिवाय त्या घरात माझं म्हणावं असं दुसरं काही नव्हतं.

हळद दोन दिवसांवर आली आणि मशीन खाली दोऱ्याचे गोळे करायला लागली. गोळे खाली, म्हणून मी खालच्या बॉबिनच्या केसचा, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या डबीचा, स्क्रू पिळला. मग सैल केला. मग पुन्हा पिळला. शेवटी तो मुळात कुठे होता हेही विसरले. शहापूरचा मशीनवाला म्हशाच्या जत्रेला गेला होता आणि जत्रा उठल्याशिवाय परतणार नव्हता. मी रडवेली होऊन काकींना बोलावलं.

उलटं केलेलं कापड पाहून त्या म्हणाल्या, “खाली दिसतंय म्हनून खालीच हात घालतेस. वरच्या दोऱ्याला धरनारं कोन नाय, म्हनून तो खाली उतरतोय.”

मग त्यांनी सगळा दोरा काढायला लावला. कापड दाबणारा पाय उचलून मगच पुन्हा ओवायला लावला, कारण पाय खाली असला की वरच्या दोऱ्याला धरणाऱ्या दोन चकत्या मिटलेल्या राहतात आणि दोरा त्यांच्यामध्ये शिरतच नाही. मी ओवला. टीप मारली. पुन्हा शेवया. सासूबाई शेजारी सुपात तांदूळ निवडत सगळं ऐकत होत्या. माझा धीर सुटला.

“काकी, तुमी हात लावा ना. पाच मिनटांचं काम हाय तुमचं.”

“पाच बी नाय लागायची. पन मी लावला तर ती माजं ऐकंल. तुजं कदी ऐकंल?”

खरं सांगते, त्या क्षणी मी मनातल्या मनात त्यांना काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

काकी मात्र नाक पुढे करून वास घेत होत्या. तेल कुठलं घातलं म्हणून त्यांनी विचारलं आणि माझा चेहरा पडला. मशीनचं तेल संपलं होतं म्हणून मी डोक्याचं खोबरेल घातलं होतं. पौष सरतानाची थंडी, बाटलीतलं खोबरेल तुपासारखं थिजलेलं. तेच चकत्यांमध्ये थिजलं होतं आणि त्यात सुताचा भुगा बसला होता. चकत्या दोऱ्याला धरणार कशा?

“मशीनचे क्यास वाढवाचे होते काय?” काकी म्हणाल्या, आणि सासूबाई हसल्या. त्या घरात माझ्यासमोर पहिल्यांदाच अशा मोकळ्या हसल्या. मग स्वतःच उठून कंदिलातलं उरलंसुरलं रॉकेल घेऊन आल्या.

रॉकेलात भिजवलेली चिंधी चकत्यांमधून ओढली, ती काळी होऊन निघाली. मशीन अंगणात उन्हात नेली आणि सुई काढून नुसतीच चालवली. काकी डोळे मिटून ऐकत होत्या. “अजून नाय,” म्हणायच्या. मी पायडल मारत राहायची. मला तर सगळा आवाज एकच वाटत होता. मग त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, “आता सुटली.” मग खालच्या बॉबिनची केस दोऱ्याला लोंबकळवून हलका झटका द्यायला सांगितलं. ती घसरत जमिनीवर आली तर सैल, जागची हललीच नाही तर घट्ट. दोन बोटं खाली येऊन थांबायला हवी. स्क्रू किंचित किंचित फिरवत मी तिला तिथे आणली. नंतर जी टीप पडली तिची उलट बाजू कुठली आणि सुलट कुठली हे मलाच कळेना. उंबऱ्याशी बसून, एक बोटही न लावता या बाईने हे केलं होतं. आज इतक्या वर्षांनीही मला त्याचं नवल वाटतं.

हळदीच्या मांडवात काकी एकेका पिवळ्या बाहीची कड उलटी करत फिरल्या. मान प्रत्येक वेळी उभीच हलली. मशीन पडवीतच राहिली.

पुढे कधीतरी त्यांनी सांगितलं, त्यांची मशीन बिघडली की ती फक्त त्यांच्या दिराला जमायची, आणि दीर कल्याणहून सुट्टीलाच यायचा. स्वतःच्या भावाच्या लग्नाचे कपडे त्या वाट बघण्यात राहून गेले. त्यानंतर त्यांनी ती एकटीनेच खोलली.

गेल्या वर्षी काकी जांभळ्या रंगाचा ब्लाउजपीस घेऊन माझ्याकडे आल्या. जन्मभर स्वतःचे ब्लाउज स्वतः शिवणारी बाई. हात थरथरायला लागले होते. मी तो शिवला, न्यायला आल्या तेव्हा त्यांनी उलटा केला, टिपेवरून नख फिरवलं. मग “ऱ्हाऊ दे आता,” म्हणून पिशवीत घातला. तो घातलेल्या काकी मला कधी दिसल्या नाहीत.

यंदा भात झोडून झालं आणि काकी गेल्या. आंघोळ घातल्यावर त्यांच्या सुनेने ट्रंकेतून तो ब्लाउज काढला. घडीही मोडलेली नव्हती. हात ताठले होते, अंगात जाणार नव्हता. बगलेच्या शिवणी उसवून घालू, असं एक म्हातारी म्हणाली, आणि शिवला मीच म्हणून कात्री माझ्या हातात आली.

दोऱ्याचा ताण चुकलेली टीप उसवायला काही लागत नाही. एक दोरा धरून ओढला की सगळी सरसर निघते. मी दोरा धरला आणि ओढला. निघाला नाही. दुसऱ्या बाजूने ओढून पाहिला, नाही. बाहेर माणसं खोळंबली होती. डोळ्यांतल्या पाण्याने मला नीट दिसतही नव्हतं. मी कात्रीच्या टोकाने एकेक टाका तोडत बसले, आणि काखेपर्यंत एकही टाका आपणहून सुटला नाही.