दोन कार्डांचा बोर्ड आणि पाण्याखालचा खडक

माझी धाकटी बहीण समुद्रात बुडी मारून प्रवाळाचे फोटो काढते. गेल्या हिवाळ्यात तिने मालवणसमोरच्या एका खडकाचे सगळ्या बाजूंनी हजारो फोटो घेतले. ते जोडून कॉम्प्युटरवर अख्खा खडक उभा करायचा तिचा विचार होता. आमच्या जुन्या मशीनने पहिल्याच दिवशी मान टाकली. तिच्या पुण्यातल्या मैत्रिणीने ॲनिमेशनचा स्टुडिओ बंद करताना दोन ग्राफिक्स कार्डं तिला देऊन टाकली होती. ती दोन्ही बसतील आणि आम्हाला परवडेल असा मदरबोर्ड शोधायचं काम माझ्याकडे आलं.

कार्डं बसवायच्या दोन लांब खाचा दिसल्या की झालं, असं मला वाटत होतं. कणकवलीच्या दुकानात तसा एक स्वस्त बोर्ड मिळालाही. घेण्याआधी मी सहज मोबाइलचा टॉर्च मारला. वरच्या खाचेत या टोकापासून त्या टोकापर्यंत सोनेरी पिना होत्या. खालची तेवढीच लांब, पण पिना थोड्याच, पुढे नुसतं प्लास्टिक. दुकानदाराने मान्य केलं, की कार्ड तिथे बसेल, चालेलही, पण डेटा अरुंद वाटेने रखडत जाईल.

मग त्याने आतून एक जुना बोर्ड आणला, कुठल्याशा ऑफिसातून उतरवलेला, प्रोसेसरसकट. त्यात प्रोसेसरकडची वाट दोन्ही कार्डांना निम्मी-निम्मी मिळत होती, आणि दोन्ही खाचांमध्ये हवा खेळेल इतकं अंतर होतं. नव्यापेक्षा स्वस्तही. मी तो उजेडात तिरका धरला. केसाएवढ्या तांब्याच्या रेघा शेजारीशेजारी धावत होत्या. काही उगाचच नागमोडी वळल्या होत्या. असं का, म्हणून विचारलं. सगळे संकेत एकाच वेळी पोचावेत म्हणून जवळच्या रेघेलाही मुद्दाम लांबचा फेरा दिलेला असतो, असं तो म्हणाला. मी बघतच राहिलो. इतकी वर्षं कॉम्प्युटर वापरला, पण त्याच्या आत कुणी एवढी काळजी घेतली असेल हे कधी मनात आलं नव्हतं.

रविवारी सकाळी आम्ही दोघांनी मशीन जोडलं. स्क्रीनवर दोन्ही कार्डांची नावं आली तशी बहीण हसली आणि फोटो आत सोडले. पंखे घोंघावत राहिले. दुपारी जेवून परत आलो, तर काळ्या पडद्यावर खडक उभा होता. त्याच्या कपारी, जांभळट प्रवाळ, भेगेत बसलेलं कालव, सगळं जागच्या जागी. बहिणीने माऊस फिरवला आणि तो सावकाश वळला.

बाबा अंगणात जाळं विणत होते. त्यांनी उभ्या आयुष्यात मासेमारीच केली, पण पाण्याखाली कधी बघितलं नव्हतं. बहिणीने त्यांना बोलावून तो कुठला खडक ते सांगितलं. ते वाकून कितीतरी वेळ बघत राहिले.

"ह्या खडकार माजी किती जाळी फाटली," ते हळूच म्हणाले. "पण तो असो आसतलो, असा माका कधी वाटलाच नाय."

मग खुर्ची ओढून बसले आणि बहिणीला म्हणाले, "फिरव गो परत. सावकाश."