बसून वाजवणारा

"तुला काय समजते, मॅन!" असं म्हणत म्हातारा हातातला टोस्ट माझ्या नाकासमोर नाचवायचा. असला घरमालक तुमच्याही वाट्याला आला असेल. ऑस्ट्रेलियात आम्हा विद्यार्थ्यांचे जथेच्या जथे उतरत होते, मॉसन लेक्स या उपनगरात युनिव्हर्सिटीजवळ खोली मिळणं मुश्कील. म्हणून आम्ही पुण्याची तिघं पोरं त्याच्याकडे राहिलो आणि त्याची बडबड सोसली.

मूळचा धोबीतलावचा. तरुणपणी, स्विंगच्या जमान्यात, मुंबईच्या बड्या हॉटेलांत जॅझ बँडमध्ये टेनर सॅक्सोफोन वाजवायचा. त्याच्या तोंडून ऐकावं तर गोरे साहेब आणि संस्थानांच्या राण्या याच्याच फुंकेवर नाचत होत्या. आमच्या गाण्यांना तो सरळ कचरा म्हणायचा. स्वतः दुपारी सरावाला बसला की आम्ही मुकाट्याने लायब्ररी गाठायचो.

भिंतीवर बँडचा फोटो होता. त्या बँडांत सोलो वाजवणारा उठून उभा राहायचा, बाकीचे बसून साथ करायचे. हा फोटोत मागच्या रांगेत, गायिकेच्या कोपराआड अर्धा झाकलेला. एकदा मी खवचटपणे विचारलंच, "अंकल, तुम्ही कधी उभे राहिलात?"

म्हाताऱ्याने हातातला टोस्ट बशीत ठेवला. मग म्हणाला, "सेकंड टेनर उभा राहत नाय, मॅन."

पुढे बँड मोडले, हा इथे आला आणि कारखान्यात गाड्यांचे दरवाजे बसवून रिटायर झाला. झाली थोर कारकीर्द!

त्या दिवसापासून मात्र तो माझ्या मागेच लागला. मरायच्या आत एकदा लोकांसमोर उभं राहून वाजवायचंय म्हणे. मी मराठी मंडळाच्या कमिटीत होतो. एकदाची कटकट मिटावी म्हणून गणपतीत, आरतीच्या आधी, त्याला एक गाणं दिलं.

पांढरा कोट चढवून आला. गाण्याचा सुरुवातीचा भाग खुर्चीत बसूनच वाजवला. लोक फोनमध्ये डोकं घालून बसले होते. मग सोलोची जागा आली आणि तो उठला, नेमका मूर्तीच्या शेजारी. पहिल्या रांगेतल्या काकूंना वाटलं, आरती सुरू झाली. त्या पदर सावरून उठल्या. काकू उठल्या की हॉल बसून राहतो होय? सगळे उभे राहिले आणि टाळ्यांचा ठेका धरला.

म्हाताऱ्याने मान वर करून पाहिलं. त्याचा दम तुटला, सूर फाटला, डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. पण वाजवायचा थांबला नाही. मला त्याची कीव आली. लोक आरती समजून उठले होते, हे मी परतताना गाडीत त्याला सांगितलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात तो गेला. अंत्यविधीनंतर चर्चमधल्या चहाला त्याची मुलगी हसत सांगत होती की डॅड शेवटपर्यंत सुधारला नाही, हॉस्पिटलात नर्सलासुद्धा थाप मारत होता, मी उठलो आणि अख्खा हॉल उभा राहिला म्हणून. जन्मभर बाता मारल्या लेकाने, आणि एक खरं बोलला तर घरच्यांचाच विश्वास नाही!

मी तिला म्हटलं, "ही थाप नव्हे. आय वॉज देअर."

तिचं हसू थांबलं. "एव्हरीवन?"

"एव्हरीवन," मी म्हणालो.