पोळ्याचा बार

माझी आणि बंदुकीची पाठवणी एकाच दिवशी झाली. निवडणूक जाहीर झाली होती आणि लायसनच्या बंदुका ठाण्यात जमा करायचा हुकूम आला होता. मलाही त्याच आठवड्यात अमेरिकेला निघायचं होतं. आमचे हे शेतीशास्त्र शिकायला आधीच तिकडे गेलेले, सासर पाथरीचं, आणि निघायच्या आधी चार दिवस मी माहेरी आले होते. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एका खेपेत दोन्ही कामं उरकायची ठरवली.

पोखर्णीपर्यंत बैलगाडी आणि तिथून परभणीपर्यंत जीप. मी, पायाशी ट्रंक, मांडीवर दशम्यांचं गाठोडं, आणि अप्पांच्या दोन्ही गुडघ्यांमध्ये जुन्या धोतरात गुंडाळलेली आमची ठासणीची बंदूक. निघताना मायनं माझ्या तळहातावर दही ठेवलं, कपाळाला कुंकू लावलं, आणि दसऱ्याच्या सवयीनं तेच बोट बंदुकीच्या दस्त्यालाही लावलं. सगळे हसले. मायला मात्र आपण काय केलं ते कळलंच नव्हतं, ती रडत होती.

आधी ठाणं, मग स्टेशन. ठाण्यात बंदुकीची पावती मिळाली, ती अप्पांनी बंडीच्या खिशात नीट घडी करून ठेवली. फलाटावर आल्यावर मनमाडला गाडी कुठं बदलायची ते हमालाला उगाच दोनदा विचारून आले. गाडी सुटताना खिडकीशी येऊन म्हणाले, "ती तर निवडणूक झाली की वापस येईल. तू कवा येशील, सुमन?" मी हसले, कारण मला वाटलं ते थट्टा करताहेत. मग मनमाडपर्यंत रडत गेले.

हे मी गावाकडच्यांसाठी लिहितेय आणि माझ्यासारख्या इकडे आलेल्यांसाठीही. मला तुम्हा सगळ्यांना काहीतरी विचारायचं आहे. नेमकं काय, ते लिहिता लिहिता सापडलं तर सापडेल.

आमच्या घरात बंदूक होती ती आजोबांच्या, निजामाच्या जमान्यापासूनची. लायसन पीकराखणीचं. ज्वारी हुरड्यात आली की हरणांचे कळप उतरत, रानडुकरं भुईमूग उकरून टाकत. अप्पांनी तिनं एक डुक्कर मारल्याचं मी ऐकलंय, पाहिलं नाही. मी पाहिलं ते तिचं ठासणं. अप्पा तळहाताच्या खोबणीत दारू घेऊन नळीत ओतत, वर मायच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या, मग लोखंडी गजानं ठासायचं. मग छर्रे, पुन्हा चिंध्या, आणि शेवटी घोड्याखाली पितळेची टोपी. चिंध्या फाडून द्यायचं काम माझं. शाळेतले गुरुजी म्हणत, गावात एकसुद्धा बंदूक नको, सगळ्या सरकारात जमा करा. आणि त्यांच्याच वाटणीच्या रानात डुकरं शिरली की संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसत. "अप्पा, जरा आमच्याकडंबी एक चक्कर मारा." अप्पा जात. गुरुजींचं मत दुसऱ्या दिवशी पुन्हा होतं तिथंच.

वर्षातून एकदा ती छर्ऱ्यांशिवाय ठासली जायची, पोळ्याला. आमच्या गावात बैल वेशीतून आत घ्यायच्या आधी बार उडवायची रीत आहे. नुसती दारू आणि चिंध्या. बार झाला की हलगी घुमते, तोरण तुटतं आणि मानाचे बैल आत येतात. लहानपणी त्या आवाजाला आम्ही टाळ्या वाजवायचो. बार उडवायचा मान आमच्या घराचा होता आणि मला त्याचा गर्व होता, उगाच कशाला खोटं बोलू.

मग विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला ते साल आलं. मराठवाड्यात कुठं कुठं काय काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. आमच्या गावात घर जळलं नाही, पण जळेल असं रोज वाटायचं. बौद्धवस्तीतल्या बायका विहिरीवर घोळक्यानं येत आणि घोळक्यानंच परत जात. पारावर पोरं बसून मोठमोठ्यानं बोलत. असे काही आठवडे गेले आणि पोळा आला.

माय म्हणाली होती, "ह्या साली बार ऱ्हाऊ द्या." अप्पा म्हणाले, "बैलाचा मान हाय तो. त्यात कोन्हाचं काय जायलंय?" दर वर्षी मला हाक मारायचे, त्या दिवशी मारली नाही. चिंध्या त्यांनी स्वतःच फाडल्या आणि आत जाऊन ठासल्या. नळीत काय गेलं ते मी पाहिलं नाही.

वेशीत बैल उभे होते. अप्पांनी नळी आभाळाकडे केली आणि बार उडवला. दरवर्षी होतो तेवढाच आवाज. पण त्या वर्षी टाळ्यांऐवजी पारावरच्या पोरांनी आरोळी ठोकली, आणि तसली आरोळी मी त्या आधी पोळ्याला कधी ऐकली नव्हती. हलगी घुमलीच नाही, कारण हलगीवाले हलग्या टाकून पळाले होते. सगळी वस्ती पळाली होती, लेकरं काखोटीला मारून ज्वारीच्या रानात. त्यांना वाटलं, सुरू झालं.

त्यांच्यात कौसाबाई होती. ती मायच्या बरोबरीची. माझ्या जन्मापासून आमच्या रानात कापूस वेचायला यायची आणि वेचता वेचता मायशी तिचं जे बोलणं चालायचं ते दोन बहिणींचं असावं असं. पळताना तिच्या तळपायात धसकट घुसलं. अप्पांनी गाडी जुंपून तिला दवाखान्यात न्यायचं म्हटलं, ती बसली नाही. माय तिच्याकडे जाऊन आली. कौसाबाई मायला एवढंच म्हणाली, "बार तर दरसालचाच हाय की. पर मालक ह्या साली कोन्हासाठी उडवायलेत, ते आमाला कसं कळावं?"

त्यानंतर ती आमच्या रानात आली नाही. मायनं अप्पांना एकदाच सुनावलं. "उडवायचाच व्हता तर आदी वस्तीत सांगून धाडायचं." अप्पा विसरले होते, की सांगायचं नव्हतं म्हणून सांगितलं नव्हतं? हे मला तेव्हा कळलं नाही. पुढच्या वर्षी माझं लग्न झालं, मी पाथरीला गेले, तिथून इथं आले, आणि तो प्रश्न ट्रंकेतून माझ्याबरोबर आला.

इथं म्हणजे कॅन्सासमध्ये. मैलोन् मैल गहू आणि मका, वेस म्हणून कुठं नाही. आमच्या शेजारी डॉन राहतो, रिटायर झालेला, पत्नी वारलेली. आम्ही राहायला आलो तेव्हा पहिल्या बर्फात आमच्या दारातला बर्फ त्यानं न सांगता उपसून दिला. त्याच्या गॅरेजमध्ये गाडी मावत नाही, कारण तिथं तो काडतुसं भरतो. रीलोडिंग म्हणतात त्याला. उडवलेल्या काडतुसांच्या पितळी नळ्या जमवायच्या, धुवायच्या, हातदाब्याच्या यंत्रात घालून जुनी टोपी काढायची, नवी बसवायची, मग सोनाराच्या काट्यासारख्या काट्यावर दारू तोलून भरायची. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा दारूच्या त्या वासानं माझे डोळे भरून आले. त्याला वाटलं मला ॲलर्जी आहे. त्यानं दार उघडलं.

मी त्याला सांगितलं की माझे वडील दारू तळहातावर मापून भरायचे. तो हादरलाच. "अजून जिवंत आहेत?" म्हणाला. मग मी निवडणुकीचं सांगितलं. त्याला आधी वाटलं मी गंमत करतेय. "सरकार मागतं आणि तुम्ही देऊन टाकता?" मी म्हटलं, हो, पावती मिळते. थोड्या वेळानं म्हणाला, "आणि ते परत देतात?" या दोन्हींपैकी कशाचं जास्त आश्चर्य वाटावं ते त्याला ठरवता येईना.

आमच्याकडे निवडणूक आली की बंदुका आत जातात. इथं निवडणूक आली की बंदुका अंगणात येतात, म्हणजे त्यांच्या पाट्या. बंदूक वाचवा, याला मत द्या. डॉनच्या हिरवळीवर एक, पलीकडच्या शिक्षिकेच्या हिरवळीवर बरोबर उलटी. टीव्हीवर रोज तेच. डॉन म्हणतो, ज्याच्या घरात बंदूक त्याच्या वाटेला कोणी जात नाही. शिक्षिका म्हणते, ज्याच्या घरात बंदूक त्याच्या घरी मी माझी मुलं खेळायला पाठवत नाही. डॉनचं ऐकते तेव्हा मला अप्पा दिसतात, शिक्षिकेचं ऐकते तेव्हा कौसाबाई. दोघांपुढेही मी मान हलवते. मूग गिळून गप्प बसते, असं हे म्हणतात.

आणि गेल्या वर्षी ह्यांनीच काढलं, की आपणही एक घेऊ. कोपऱ्यावरच्या पेट्रोलपंपाचं दुकान लुटलं गेलं होतं. डॉन शिकवायला एका पायावर तयार. मी नाही म्हटलं. हे म्हणाले, "अगं, तू तर बंदुकीच्या घरातली." खरंच होतं ते. ज्या घरात बंदूक कणगीवर टांगलेली असायची त्या घरात मी निवांत झोपलेय. मग आता नाही का म्हणतेय? मला कारण देता येईना, म्हणून मी चिडले. त्या चिडण्यावर विषय तसाच राहिला आणि मी पोळ्याला गावी गेले.

पोळ्याच्या दुपारी अप्पा आंघोळ करून, फेटा बांधून निघाले. मी विचारलं, कुठं? "वस्तीत. बार उडवायचा हाय, सांगून येतो." भावानं मला बाजूला घेऊन सांगितलं, "त्या सालाच्या दुसऱ्या वर्षापासून जातेत. तुला ठावं न्हाई?" मला खरंच ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं मी ज्या गोष्टीचा घोर लावून घेतला होता ती यांनी केव्हाच निस्तरली होती की काय? मी त्यांच्या मागोमाग निघाले.

वाटेत हिय्या करून विचारलं. "अप्पा, त्या साली नळीत काय होतं?"

"चिंध्या. दुसरं काय असतंय पोळ्याला?"

मला हायसं वाटलं. चार पावलं गेल्यावर ते थांबले, काठी मातीत रोवली. "पर पारावरल्या पोरायला वाटलं छर्रे हायत. इचारलं व्हतं मला. मी हाव म्हनलो न्हाई, अन् न्हाईबी म्हनलो न्हाई."

"कामून, अप्पा?"

"काय की बाई. अजूनबी मला उमजत न्हाई."

वस्तीत ते दारोदार थांबत गेले. "थोड्या वेळानं बार उडवायलोय बरं का." लोक मान डोलवत होते. कौसाबाईच्या ओट्याशी मी थांबले, अप्पा वेशीकडे गेले. तिनं मला ओळखलं, चेहऱ्यावरून हात फिरवला, बसायला पोतं टाकलं. पाय बरा आहे म्हणाली, थंडीत तेवढा ठणकतो. ती परातीत पीठ मळत होती. मला बसवल्यावर पुन्हा मळायला घेईल असं वाटलं, पण तिनं हात पुसले आणि पीठ तसंच ठेवलं.

"मळ की," मी म्हटलं.

"बार झाल्यावर मळते, ताई."

मी बोळात पाहिलं. कोणी भाकरी थापत नव्हतं. समोरच्या सुनेनं झोपलेलं लेकरू उचलून मांडीवर घेतलं होतं. म्हातारे दारात येऊन उभे होते, कुठंच न बघता. मी म्हटलं, "अप्पा दर वर्षी सांगायला येतात ना?"

"येतेत की. मानूस चांगला हाय तुमचा बाप. पयले भ्या वाटायचं. आता सांगून जातेत तर भ्या वाटत न्हाई." तिनं परात जरा बाजूला सारली. "आता वाट बघावी लागती."

आम्ही दोघी बसून राहिलो. वेशीकडून बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता. जन्मभर मी तो बार वेशीत उभी राहून ऐकला होता, इकडून कधीच नाही. नळीत चिंध्या आहेत हे आता मला अप्पांच्या तोंडून कळलेलं होतं, तरी मीही वेशीकडे कान लावून बसले. बार झाला तेव्हा कौसाबाईनं माझं मनगट गच्च धरलेलं होतं. की मीच तिचं धरलं होतं, ते सांगता येत नाही.

"झालं," ती म्हणाली, आणि परात पुढं ओढली. "जा आता. माय खोळंबली आसंल."

परत आल्यावर ह्यांनी पुन्हा विचारलं. मी म्हटलं, आणा बंदूक. पण आणायच्या आधी गल्लीतल्या प्रत्येक घरी तुम्ही स्वतः जाऊन सांगून या. हे म्हणाले, "काय म्हणून सांगू?" ते मलाही सुचवता आलं नाही. बंदूक अजून आलेली नाही. डॉनची आणि माझी मैत्री आहे तशी आहे.

या जानेवारीत, ठरावाला पंधरा वर्षं उलटल्यावर, नामांतराचं एकदाचं मिटलं. भावानं फोनवर सांगितलं, गाव शांत आहे, आणि अप्पांनी बंदोबस्ताचा हुकूम यायच्या आधीच बंदूक ठाण्यात नेऊन दिली. मी अप्पांना फोनवर बोलावलं. त्यांना ऐकू कमी येतं, मी ओरडून विचारलं, "परत कधी आणणार?" विचारता विचारता फलाट आठवला.

"आता कशाला?" ते म्हणाले. "ह्या पोळ्याला बारच न्हाई."

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्याच क्षणी मला ती परात दिसली. मी ओरडले, "अप्पा, बार नसला तरी वस्तीत जाऊन सांगा. न्हाई तर कौसाबाई पीठ तसंच ठेवून वाट बघत बसंल."

मग अप्पा म्हणाले, "हाव. हे ध्यानातच आलं न्हाई बग."

इथं लोक मला विचारतात, घराची आठवण येते का. पूर्वी मी वेस सांगायची, बैल सांगायची. आता घर म्हटलं की मला तो ओटा आठवतो आणि मनगटावरचा हात. पोळा अजून लांब आहे. त्या दिवशी अप्पा वस्तीत जाऊन आले का, ते विचारायला मी फोन करणार आहे.