मालकाचा कळप

मालकाला खेळात कुणी हरलेलं बघवत नसे आणि जिंकलेलंही खपत नसे. अशा माणसाने कॉम्प्युटर गेम बनवायची कंपनी काढली आणि मला तीत ओढलं.

कंपनी म्हणजे सांगलीत हळदीच्या वखारीच्या माडीवरची एक खोली, एक कॉम्प्युटर आणि आम्ही दोघं. ‘मालक’ हे नाव मीच चिडून ठेवलेलं. डिप्लोमाला आम्ही एका वर्गात होतो. तो आटपाडीकडचा, मेंढपाळ घरातला, मी कोरेगावचा. तो चित्रं काढायचा, मी कोड लिहायचो. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं ती. खाली पोती आपटली की वर कीबोर्ड पिवळा व्हायचा. मी तो ब्रशने झाडत बसायचो आणि मालक खिडकीत बसून म्हणायचा, “खेळताना मानसाच्या पोटात कालवलं पायजे रं.” त्या काळात सगळं जग पडद्यावर विमानं पाडत होतं. पोटात कालवून घ्यायला आमच्या माडीवर कोण चढणार होतं?

आमच्या गेममध्ये एक मेंढका, त्याचं कुत्रं आणि थोडी मेंढरं. माळ तुडवत संध्याकाळपर्यंत कळप काट्यांच्या कुंपणाच्या वाडग्यात पोचवायचा, एवढंच. मी म्हणालो, वर कोपऱ्यात आकडा दाखवू, किती मेंढरं बरोबर आहेत ते. मालक ऐकेना. “आमच्यात मेंढरं मोजत न्हाईत. तोंडं वळखायची.” आता पडद्यावर मेंढराचं तोंड म्हणजे पाच-सहा ठिपके. तरी त्याने एकीचा कान काळा केला, एक रेंगाळणारी केली, एक लंगडी. त्या लंगडीची चाल जमवता जमवता कॉम्प्युटरची मेमरी संपली. माझी सहनशक्ती त्याच्या आधीच संपली होती. “तिला नीट चालव, जागा वाचेल,” मी म्हणालो. त्यावर त्याने आपला डबा उचलला आणि जिन्यात जाऊन एकटा जेवला.

मेंढरू मागे राहिलं तरी गेम काही सांगत नसे. फक्त शेवटी कुत्रं वाडग्यात न शिरता बाहेर बसे, आल्या वाटेकडे तोंड करून. खेळणाऱ्याने परत जाऊन ते मेंढरू आणलं तरच ते उठे.

“आणि खेळणाऱ्याला कळलंच नाही तर?”

“कळंल.”

“कधी?”

“कळंल तवा.”



इकडे माझ्या वडिलांनी दिवाळीपर्यंतची मुदत दिली होती. तोवर गेम विकला नाही, तर पुण्याची नोकरी धरायची. मी गेलो की कंपनी बंद, हे मालकालाही माहीत होतं. शेवटी पुण्याचे एक शेठ यायला तयार झाले. ते शाळांना कॉम्प्युटर पुरवायचे आणि सोबत द्यायला त्यांना मराठी गेम हवे होते.

शेठ बसले आणि भराभर कळा दाबत त्यांनी कळप अक्षरशः पळवला. लंगडी ओढ्यापाशीच राहिली. वाडगं आलं, पडद्यावर अंधारून आलं, कुत्रं बाहेर बसलं.

“झालं? जिंकलो का मी?” शेठनी विचारलं. मी तोंड उघडणार तोच मालकाने टेबलाखाली माझा पाय दाबला.

“हे कुत्रं तिकडे का बघतंय?”

“बघतंय आपलं,” मालक म्हणाला.

पॉइंट टाका, वेळ लावा, मग बघू, असं म्हणून शेठ बॅग उचलून स्टँडकडे गेले. मग मी मालकाला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. पडद्यावर कुत्रं तसंच बसलेलं, आणि मी अजून बोलतच होतो, तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. दारात शेठ, घामाघूम. रिक्षा अर्ध्या वाटेतून वळवून आले होते.

“एक मेंढरू मागे राहिलं का हो?”

“व्हय,” मालक म्हणाला.

शेठ पुन्हा बसले. या वेळी सावकाश गेले. ओढ्यापाशी लंगडी दिसली तसे खुर्चीत पुढे सरकले आणि “चल बाई, चल” म्हणू लागले. तिला आणलं तेव्हा कुत्रं उठलं आणि तिच्या मागोमाग आत गेलं. शेठनी कीबोर्ड हळूच मागे सारला. मग म्हणाले, “माझ्याच्याने हे विकलं जाणार नाही. शाळेत पोरं रडायला लागली तर मास्तर मला धरतील.” आणि ते गेले, या वेळी कायमचे.

मी डोक्याला हात लावून बसलो. मालक डोळे पुसत हसत होता.

“जमलं गड्या. मानूस परत आला.”

“अरे, गेम विकला नाही!”

“त्ये हाय. पर आला का न्हाई?”

असा माणूस दुसऱ्यांदा भेटला तर माझा जीव जाईल. आणि हाच एक रोज आठवतो.

दिवाळी झाली, खोलीला कुलूप लागलं. सांगली स्टँडवर माझी ट्रंक एसटीच्या टपावर चढवून मालक खिडकीखाली उभा राहिला.

“जा आता. उन्हात कशाला उभा?” मी म्हणालो.

“तू जा की. मी हाय हितं.”

गाडी सुटली. वळणावर मी मागे पाहिलं, तर हा पठ्ठ्या तसाच उभा, गाडी गेली त्या रस्त्याकडे तोंड करून. मला पुन्हा संताप आला. त्याला तिथून हलवायला कुठलीच कळ चालत नाही, माणसाला परतच यावं लागतं, हे मला पक्कं माहीत होतं. तो कोड मीच लिहिला होता.