आयरिश असलं की चालतं

परदेशात शिकत असताना मॉसन लेक्स या उपनगरातल्या घरात माझ्यासोबत एक आयरिश नर्स राहायची. कोविडमुळे सीमा बंद झाल्या, तिचं घरी जाणं रद्द झालं, माझे युनीतले वर्ग लॅपटॉपवर आले. त्या दिवसांत सुट्टीच्या दुपारी तिने मला बोरान शिकवला.

बोरान म्हणजे गोल लाकडी कडं आणि त्याच्या एका बाजूवर ताणून बसवलेलं बकऱ्याचं कातडं. तो मांडीवर उभा धरायचा. डावा हात मागून कातड्यावर ठेवायचा. दाबला, सरकवला की आवाज चढतो-उतरतो. उजव्या हातात वीतभर काठी, तिची दोन्ही टोकं वाजतात. पहिल्याच दिवशी मी तो सवयीने हीटरसमोर शेकायला धरला, तर तिने माझ्या हातातून काढूनच घेतला. हलगी शेकून कडक करतात. बोरानला मात्र आतून ओला हात फिरवतात. त्यांना खोल, घुमणारा आवाज हवा असतो.

हलगी माझ्या घरची. माझे वडील, अण्णा, चौकात ती वाजवून सभेला माणसं जमवायचे आणि मी पत्रकं वाटायचे.

त्या वर्षी मराठी मंडळाचा गणेशोत्सव झूमवर ठरला. समितीतल्या ताईंचा फोन आला. "अगं, आयरिश ड्रम? सो क्यूट. घेऊया ना." मी हो म्हटलं ते एवढ्यासाठीच, की बोरानवर अण्णांची चाल वाजवायची आणि त्यांनी ती तिकडे घरी बसून ऐकायची. त्यांना कळवूनही टाकलं.

झूमवरच्या तालमीत ती चाल वाजवली. ताई म्हणाल्या, "छान गं, पण हलगीसारखं वाटतंय."

"हलगीचीच चाल आहे."

समितीतले एक आयटीवाले दादा मोदक खात बसले होते. तोंडातला घास तोंडातच ठेवून म्हणाले, "मग नको. समोर गणपती आहे. ते मयतीला ठीक. तू आयरिश वाजव ना, मेट."

"कातडं दोन्ही वाद्यांना बकऱ्याचंच आहे, दादा."

"जातीवर नेऊ नकोस हां. इथे आपण ते सगळं मागे ठेवून आलोय."

मी जात हा शब्दही काढला नव्हता. माइकमधून त्यांचं मचमच चघळणं ऐकू येत होतं. ऑफिसात कुणी आडनाव वाकडं उच्चारलं की यांना वर्णद्वेष दिसतो. मेलेल्या बकऱ्याला परदेशी पासपोर्ट मिळाला की मात्र तो देवापुढे चालतो. मी वाजवणार नाही म्हणाले आणि कॉल बंद केला.

अण्णांना सांगणं भाग होतं. फोन उचलताच म्हणाले, "गल्लीतल्या चौघांना बोलावलंय ऐकायला."

मी झालेलं सांगितलं.

"आयरिश वाजवता वाजवता मधेच दोन हात आपले मारायचे होतेस. ऐकलं तरी असतं आम्ही."

"म्हणजे चोरून, अण्णा?"

"नाही," ते म्हणाले. "चोरून नाही. पण त्या चौघांना काय सांगू?"

"झालं तेच सांगा."