मोझाचं नाव कागदावर

खतिजा, मला निरोप द्यायला तूही बंदरावर आली होतीस. एकोणीसशे साठ उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. होडीत पाय ठेवताना अब्बांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "परक्या मुलखात चटकन कुणावर विसंबू नकोस." तिथल्या लोकांनी माझ्यावर का विसंबावं, हा प्रश्न मात्र आपल्यापैकी कुणालाच पडला नाही.

आमचे हे अल ऐनच्या एका लहानशा दवाखान्यात कंपाउंडर होते. अमिरात नावाचा देश अजून व्हायचा होता. शारजाला उतरून वाळूतून जीपनं तिथं पोचायला दीड दिवस लागला. खजुराच्या झावळ्यांची घरं, बागांतून आपल्याकडच्यासारखे पाण्याचे पाट, आणि दिवसभर मी एकटी. मुलींना शाळा नव्हती. मग शेजारच्या विधवा उम्म सालिमच्या अंगणात मी वर्ग सुरू केला, अगदी फुकट. कुराण वाचता येत असल्यानं अक्षरं मला येत होती. बोली वर्षभरात जमली.

पण हिंदुस्थानातली बाई अरबांच्या मुलींना अरबी शिकवते, तेही काही न घेता? बायका मी आले की गप्प होत. उम्म सालिम रोज दारात बसून माझ्या हातांकडे बघे. मी काय लिहिते हे ती नातीला, मोझाला, विचारून घ्यायची. मलाही तिचा संशय येई. एकदा माझी ट्रंक कुणीतरी उचकटल्यासारखी वाटली आणि मी मनातल्या मनात तिलाच चोर ठरवलं. ट्रंकेतलं काही गेलं नव्हतं.

एके दिवशी हे म्हणाले, "तुझ्या मुलींची नावं दे. कुणाच्या घरात किती माणसं, तेही लिही. देवी टोचायच्यात." मी हजेरीवरून सगळं उतरवून दिलं. कुणाला विचारावं असं मनातही आलं नाही.

आठवड्यानं अंगण रिकामं. आदल्या दिवशी दवाखान्याची यादी घेऊन खाकी कपड्यातला एक माणूस जीपमधून आला होता आणि त्यानं हाक मारली होती, "मोझा कोण?"

उम्म सालिमनं मला बसायलाही सांगितलं नाही.

"तुला कुणी पाठवलंय?"

"कुणीच नाही."

"मग माझ्या नातीचं नाव त्याच्या कागदावर कसं?"

"मला ठाऊक नाही," मी म्हणाले.

खतिजा, मी धडधडीत खोटं बोलले. तिचा संशय खरा होता, आणि माझा तिच्यावरचा खोटा.

दुसऱ्या सकाळी मी हजेरीची वही घेऊन गेले. बायका जमल्या होत्या. नावं मीच दिली, न विचारता दिली, आणि काल खोटंही बोलले, असं मोडक्यातोडक्या बोलीत सांगितलं. उम्म सालिमनं वही घेऊन आपल्या बैठकीखाली सारली.

"खलास. आता नावं माझ्या डोक्यात राहतील. तू शिकव. यल्ला, चल मोझा, बस."

देवीही टोचल्या गेल्या. पहिला दंड उम्म सालिमनं स्वतःचा पुढे केला आणि सुई शिरताना माझ्याचकडे रोखून पाहिलं.

मी तिथं तीन वर्षं शिकवलं. तिनं दारातली जागा एक दिवसही सोडली नाही. तिचा माझ्यावर पुरता भरवसा बसला, असं मी म्हणणार नाही.

आता आम्ही शारजात आहोत. नातवंडांना मराठीत हाक मारली तरी उत्तर इंग्रजीत येतं. दर पत्रात मी तुला लिहिते, 'इथं सगळं बरं आहे', आणि तुम्ही सगळे ते खरं मानता. हे गेले त्या वर्षीही मी तेच लिहिलं होतं. त्यानंतर मी अल ऐनला गेले तेव्हा मोझानं दार उघडलं, माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "खरं सांग, काय झालंय?"

तिच्या उंबऱ्यावर बसून हे गेल्यावर मी पहिल्यांदा रडले. माझं घर कुठं, असं तू मागच्या पत्रात विचारलंस. त्या उंबऱ्याशिवाय दुसरं काही मला सुचत नाही.