हिरवा रंग आणि विभूतीची तीन बोटं

माझ्या हिरव्या रंगाचा मला गर्व आहे, हे आधीच सांगून टाकते. लोक म्हणतात, गर्व म्हणू नये, अभिमान म्हणावं. मी म्हणते, जो आहे तो गर्वच आहे, उगीच त्याला गुळगुळीत नाव कशाला द्या? ताटावर काढलेला रंग भट्टीतून जसाच्या तसा बाहेर काढणं हे काय खायचं काम आहे का!

आमचं घर सोलापुरात, कुंभारी रोडला. मागे पत्र्याची शेड आहे, सासऱ्यांच्या काळात तिथं टॉवेलचे माग खडखडायचे. माग गेले आणि शेड रिकामी पडली, तेव्हा मी तिथं चाक आणि विजेवरची भट्टी मांडली. कुंभारी रोडला राहून राहून कुंभार झाली, असं नणंदा हसून म्हणायच्या. हसू दे की. माझे कप आणि बरण्या पुण्याला जाऊ लागल्या, तशा त्याच नणंदा भेट द्यायला माझ्याकडून वाट्या नेऊ लागल्या.

हसल्या नाहीत त्या फक्त सासूबाई. त्यांना आम्ही आत्या म्हणतो. माहेर कर्नाटकच्या सीमेवरच्या दुधनीचं, त्यामुळे माणसांशी मराठी आणि देवाशी कन्नड. त्यांनी उभ्या आयुष्यात माझ्या ताटात घास खाल्ला नव्हता. माती पाण्याच्या माठाला बरी आणि मेल्यावर खांद्यावरच्या मडक्याला बरी, जेवायला स्टीलच पाहिजे, असं त्यांचं सरळ मत. त्यांच्या ताटावर त्यांचं नाव कोरलेलं आहे, ते ताट त्या दुसऱ्याला देतही नाहीत. मला राग यायचा. बाहेरचे लोक माझ्या हातचं भांडं पैसे देऊन नेतात आणि माझ्याच घरातली बाई त्यात जेवत नाही, हे मनाला फार लागायचं.

पण त्याच आत्यांच्या हातात कसुतीचं भरतकाम होतं. इरकल साडीच्या पदरावर गोपुरं, रथ, नंदी, तुळशीवृंदावन, सगळं धागे मोजून भरलेलं. उलटं करून बघा, सुलटं करून बघा, दोन्हीकडून सारखं. कुठं गाठ दिसायची नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर नजर परत आली, पण बोटं थरथरायला लागली आणि सुई सुटली. त्यानंतर त्या पदर मांडीवर घेऊन नुसत्याच हात फिरवत बसायच्या. ते मला बघवायचं नाही.

माझ्या लेकीचं लग्न अक्कलकोटच्या घरात ठरलं आणि साखरपुडा आमच्याकडे घरीच करायचा असं झालं. बैठकीत व्याही सहज म्हणाले, जेवणाचं कॅटरिंगवाल्याला सांगून टाकू. आता गप्प बसावं की नाही? पण उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. मी म्हणाले, पंगत माझ्या हातच्या ताटांत बसेल, आणि प्रत्येक ताटावर आत्यांची कसुती असेल. सगळे माझ्याकडे बघत राहिले. आत्यासुद्धा.

दुसऱ्या दिवशी त्या स्वतः इरकल घेऊन शेडमध्ये आल्या. खुर्चीवर बसल्या, पदर पसरला आणि म्हणाल्या की काढायचंच असेल तर नीट काढ, टाका चुकला तर मी सांगणार. मी ब्रशनं काढत होते आणि त्या शेजारी बसून टाके मोजत होत्या. चुकलं की काठीनं टेबलावर टकटक. पुसायचं आणि पुन्हा काढायचं.

आता हे रंगाचं प्रकरण सांगायला हवं. अंडरग्लेझ म्हणजे खालचा रंग. एकदा भाजलेल्या पांढऱ्या ताटावर त्यानं नक्षी काढायची. मग सगळं ताट ग्लेझमध्ये बुडवायचं आणि पुन्हा भाजायचं. भट्टीत ग्लेझची काच होते आणि रंग तिच्याखाली कायमचा बसतो. ऐकायला सोपं आहे. पण रंग आणि काच यांचं एकमेकांशी पटलं पाहिजे. नुसतं दोन्हीकडचं चांगलं असून भागत नाही, हे ज्यानं घरात लग्न काढलंय त्याला वेगळं सांगायला नको.

मला चकाकी हवी होती. व्याह्यांच्या डोळ्यांत भरेल अशी. पुण्याच्या दुकानदारानं फोनवर सांगितलं, मॅडम, हे ग्लेझ नाही, आरसा आहे आरसा. घेतलं. निळ्यावर आणि काळ्यावर ते आधी लावून बघितलं होतं, झकास आलं होतं. मग हिरव्याला काय धाड भरलीय, असं म्हणून सगळी ताटं बुडवली. आत्यांनी रिवाजाप्रमाणे भट्टीच्या दाराला विभूतीची तीन बोटं ओढली. आमच्याकडे नवं काहीही आलं की त्याला विभूती लागते. फ्रिजला लागते, लेकीच्या स्कूटीला लागली, भट्टीला तर दरवेळी.

भट्टी थंड झाली आणि दार उघडलं. आरसा आला होता खरा. पण आत्यांची हिरवी गोपुरं शिळ्या मेथीच्या भाजीच्या रंगाची झाली होती. एकही ताट वाचलं नव्हतं. आत्यांनी एक ताट उचलून उजेडात धरलं.

"तुझा हिरवा मेला की गं," त्या म्हणाल्या, आणि ताट खाली ठेवून घरात गेल्या.

मी तिथंच बसून रडले. रडून झाल्यावर स्वतःलाच चार शिव्या घातल्या. त्या ग्लेझमध्ये जस्त होतं आणि हिरव्या रंगात क्रोम. दोघांचं हाडवैर, गाठ पडली की तपकिरी होतात. कॉलेजात रसायनशास्त्र शिकलेली बाई मी, आणि आरशाला भुलले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

जास्तीची ताटं एकदा भाजून ठेवलेली होती म्हणून निभावलं. पण साखरपुड्याआधी आता ताटांची भट्टी एकदाच लागणार होती. म्हणून या वेळी मी आधी छोट्या चकत्या केल्या, प्रत्येकीवर तोच हिरवा आणि वर वेगवेगळं ग्लेझ. भाजून निघाल्यावर प्रत्येकीवर तेल सुटलेली शेंगाचटणी थापून रात्रभर ठेवली. सोलापूरच्या ताटाची याहून मोठी परीक्षा नाही. एकाला केसाएवढ्या भेगा होत्या, त्यांत चटणीचं लाल तेल शिरलं ते निघेना. एक दिसायला मऊ, हाताला खरबरीत आणि लई सुंदर, पण त्यानं डाग धरला. दुधाळ होतं त्याखाली नक्षी धुक्यात गेली. शेवटी एक बिनजस्ताचं उरलं, त्याला चकाकी बेताचीच, पण चटणी एका पुसण्यात निघाली. ती चकती मी आत्यांच्या इरकलीवर नेऊन ठेवली. त्यांनी ती बराच वेळ फिरवून बघितली.

"ह्यो," त्या म्हणाल्या. "ह्यो आमच्या दुधनीचा हरभरा हाय."

पुन्हा सगळी नक्षी काढली, पुन्हा काठीची टकटक. ताटं ग्लेझमध्ये बुडवून फळीवर सुकायला मांडली. भाजण्याआधी ग्लेझ पांढरं पीठ असतं, त्याच्याखाली नक्षी दिसतही नाही. सगळी ताटं चुन्यात घातल्यासारखी सारखीच. दुपारी मी हुग्गीसाठी, म्हणजे गव्हाच्या खिरीसाठी, गहू आणायला बाजारात गेले, आल्यावर ताटं भरली आणि भट्टी लावली.

भट्टी उघडली तेव्हा आधी मी डोळेच मिटले होते. मग उघडले. हिरवा! अगदी हरभऱ्याच्या घाट्याचा, कोवळा, ताजा हिरवा. मी एकटीच शेडमध्ये नाचले, खोटं कशाला सांगू. आणि मग उजेडात बघितलं तर ताटाच्या काठावर तीन आडवे पट्टे. दुधासारखे पांढरट. दुसरं ताट काढलं, तिसरं काढलं. सगळ्यांवर तेच.

मी तरातरा घरात गेले आणि विचारलं. आत्या शांतपणे शेंगा सोलत होत्या. गेल्या वेळी आपण भट्टीला विभूती लावली आणि ताटांना लावलीच नाही, म्हणून हिरवा गेला, असं त्यांचं म्हणणं. म्हणून या वेळी मी बाजारात असताना त्यांनी एकेका ताटाला बोटं ओढली होती. पांढऱ्या ग्लेझवर पांढरी विभूती, मला दिसणार कशी? शेणाची राखच ती, भट्टीत वितळून काच होऊन बसली. मी त्यांना नाही नाही ते बोलले. माझं काम हे देवघर नाही, असंही म्हणाले. त्या एवढंच म्हणाल्या की हिरवा आला न्हवं का.

पट्ट्यांवरून बोट फिरवून बघितलं, गुळगुळीत होते. चटणीलाही टिकले. दुसरा इलाजही नव्हता. साखरपुड्याच्या दिवशी तीच ताटं मांडली.

पंगत बसली. भाकरी, वांगं, शेंगाचटणी, हुग्गी, वर तूप. व्याह्यांकडच्या माणसांत मुलाची आजी सगळ्यांत वडील. तिनं हात पुढे केला आणि मागे घेतला. काठावरच्या पट्ट्यांवर बोट ठेवून बघितलं. तिनं सुरुवात केली नाही म्हणून कुणीच केली नाही.

"हितं विभूती हाय," आजी म्हणाली. "ह्यात उष्टं कसं टाकायचं?"

बरोबरच होतं तिचं. आमच्यातल्या कुणालाही तेच वाटलं असतं. व्याही गडबडीनं म्हणाले की काही हरकत नाही, स्टीलची ताटं असतील ना घरात? कुणीतरी उठलंसुद्धा. एवढं बोलून बसलेली मी, आता भरलेली ताटं माझ्या डोळ्यांदेखत उचलली जाणार होती. लेक माझ्याकडे बघत होती आणि मला तिच्याकडे बघवेना.

तेवढ्यात आत्या स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. त्या पंगतीत नव्हत्या, मागून आपल्या स्टीलच्या ताटात जेवणार होत्या. त्यांनी माझ्या हातचं एक ताट घेतलं, वाढून घेतलं आणि आजीच्या शेजारी मांडी घालून बसल्या.

"उष्टं टाकायचंच न्हाय की," त्या म्हणाल्या.

आणि जेवायला लागल्या. माझ्या ताटात, पहिल्यांदा. सावकाश, शेवटच्या कणापर्यंत. मग ताटात पाणी ओतलं, बोटांनी ताट सगळीकडून धुतलं आणि दोन्ही हातांनी उचलून ते पाणी पिऊन टाकलं. प्रसादाचा कण वाया जाऊ द्यायचा नाही, ही आमच्या जुन्या माणसांची रीत. त्यांच्या वडिलांना मी तसं करताना बघितलं होतं, पण आता कोण करतंय?

आजी बघत होती. तिनं आत्यांना नमस्कार केला आणि पहिला घास घेतला. मग सगळ्यांनीच. त्या दिवशी आमच्या घरात कुणी ताटात काही टाकलं नाही. पोरंसोरंही ताट धुऊन पाणी प्यायली, चढाओढीनं. व्याह्यांनी तर हुग्गी दुसऱ्यांदा घेतली आणि तीही पुसून खाल्ली. रंग, ग्लेझ, राख, मी जे जे त्या ताटात घातलं होतं त्यावरून धुतलेलं पाणी माणसं निश्चिंतपणे पीत होती. मी भिंतीला टेकून बघत उभी होते.

आजीनं रिकामं ताट पुन्हा हातात घेतलं. ओल्या काचेखाली हिरवं गोपूर लखलखत होतं. ही कसुती कुणाची, असं तिनं आत्यांना विचारलं.

"टाके माझे," आत्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बोट केलं. "हिरवा तिचा."

आता त्या रोज त्याच ताटात जेवतात. नाव कोरलेलं स्टीलचं ताट त्यांनी मला दिलंय, भाकरीचं पीठ मळायला.